एका ‘खट्’चा माग

आमची जीप क्लच सोडला की आधी ‘खट्’ म्हणायची आणि मग हलायची. गिअर टाकला की खट्, उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा खट्. वडिलांच्या हातात गाडी होती तेव्हापासून तो आवाज होता. घरातल्या सगळ्यांच्या कानांत तो इतका मुरला होता की दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी विचारल्यावरच आठवण व्हायची. गेल्या उन्हाळ्यात मी त्याचं मूळ शोधायचं ठरवलं. त्यासाठी क्लचपासून चाकापर्यंत, इंजिनाची ताकद जिथून जिथून जाते तो सगळा रस्ता अंगणात पत्र्याच्या शेडखाली उघडला. अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत शाळेतलं यंत्रशास्त्र मला पहिल्यांदा बोटांनी कळलं.

खट् म्हणजे काय? दोन दातांच्या मध्ये मोकळी जागा असते, तिला मिस्त्री लोक ‘प्ले’ म्हणतात. गिअरचा एक दात दुसऱ्याला पुढून ढकलत असतो. पाय काढला की जोर उलटा होतो, चाक इंजिनाला ढकलू लागतं, दात ती फट ओलांडतो आणि मागच्या दातावर आदळतो. तोच आवाज. फट असावीच लागते. ती नसेल तर तेलाला आत शिरायला वाव राहत नाही आणि लोखंड तापून फुगल्यावर दात एकमेकांत रुततात. एकेका जोडाची फट केसाएवढीच असते. अडचण होते ती असे दहा-बारा जोड एकापाठोपाठ आल्याने: क्लच प्लेटच्या खाचा, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), प्रोपेलर शाफ्टचे (तिथून एक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचे) दोन क्रॉस, म्हणजे कोनात वळणारे सांधे, क्राऊन-पिनियन (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक), डिफरन्शियलमधले (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेतले) स्टार पिनियन, शेवटी चाकापर्यंत जाणारा हाफ शाफ्ट. प्रत्येकाची थोडीथोडी झीज झाली की बेरीज मोठी होते.

नुसती बेरीज नाही, गुणाकारही होतो. माझी गाडी महिंद्राची सीजे-३बी. विलिस कंपनीच्या जीपचे सुटे भाग १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आणून जोडायला सुरुवात झाली, त्याच वंशातली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे मात्र पुढेही बनत राहिलं. हिच्या टी-९० गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचं प्रमाण २.८ ला १ आहे. ट्रान्सफर केस ‘लो’मध्ये, म्हणजे कमी वेगाच्या जादा गिअरमध्ये, टाकली की आणखी २.४६ पट. क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार होतो ३७. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं, आणि वेग जितका घटतो तितकाच पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. सगळं घर्षण वजा केलं तरी चाकांपाशी जवळपास गाडीच्या वजनाएवढा किंवा त्याहून जास्त रेटा मिळतो. म्हणून खड्या चढावर ही जीप अडते ती ताकद संपल्याने नव्हे, टायरची पकड सुटल्याने.

हाच गुणाकार उलट्या बाजूने झिजेलाही लागतो. चाकापाशी एक अंशाचा प्ले असेल, तर साध्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाला १५ अंश आणि लोमध्ये तब्बल ३७ अंश मोकळं फिरावं लागतं. तेवढ्यात ते वेग घेतं आणि मगच दात दाताला भेटतो. लो टाकल्यावर खट् मोठा का होतो, ते कागदावर हा हिशेब मांडल्यावर उमगलं.

म्हणून काही खोलण्याआधी मोजमाप केलं. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, गिअर न्यूट्रलला ठेवला, डिफरन्शियलच्या फ्लँजला (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीला) पुठ्ठ्याचा कोनमापक बांधला आणि शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवला. नऊ अंश! क्राऊन-पिनियनमधली योग्य फट साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर असते. क्राऊनचा व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ०.२ मिलिमीटरची फट पिनियनपाशी जेमतेम ०.६ अंशाएवढी दिसायला हवी. स्टार पिनियनचा प्ले त्यात धरला तरी नऊ फारच झाले. अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मागची चाकं काढणं हे या कामातलं सगळ्यात दमवणारं आणि धोक्याचं प्रकरण. या जीपच्या हाफ शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर हब, म्हणजे चाकाचा तुंबा, नटाने आवळून बसवलेला असतो. निमुळता भाग आत घुसला की घर्षणच त्याला धरून ठेवतं. वर्षानुवर्षं गाडी चालली की हब जणू वेल्ड केल्यासारखा बसतो. त्याला पुलर (ओढून काढायचं अवजार) लावून ताण द्यायचा, मग पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर घणाचा एक ठोका. सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो. म्हणून नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा, म्हणजे हब उडून अंगावर येत नाही. आणि गाडी कधीही नुसत्या जॅकवर नको, खाली पक्क्या घोड्या हव्यातच. जुन्या क्लच प्लेट आणि ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तिथली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आपल्याकडे गॅरेजमध्ये पोरं सर्रास हवेच्या नळीने ती उडवतात, ते बघून पोटात कालवतं.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हातात घेतला तेव्हा त्याच्या चारही दांड्यांवर बारीक समांतर खाचा दिसल्या. नखाने मोजता येतील इतक्या स्पष्ट. टोपणातल्या सुयांसारख्या बेअरिंगांनी आपापल्या जागी दाबून त्या कोरल्या होत्या. कारण असं, की क्रॉसमधल्या सुया पूर्ण गोल फिरत नाहीत. शाफ्ट जितक्या कोनात वाकलेला, तितक्याच पुढे-मागे डुलतात. कोन फार कमी असेल तर त्या जागच्या जागी थरथरतात, ग्रीस बाजूला सारलं जातं आणि पोलाद पोलादावर दबतं. म्हणजे शाफ्ट अगदी सरळ रेषेत असणंही क्रॉसच्या भल्याचं नाही, थोडा कोन लागतोच.

या क्रॉसचा आणखी एक गुण आहे आणि तो मला फार सुंदर वाटतो. कोनात बसवलेला एकटा क्रॉस फिरणं जसंच्या तसं पुढे देत नाही. पहिला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन २० अंशांचा असेल, तर दुसऱ्याचा वेग मूळ वेगाच्या ९४ टक्क्यांपासून १०६ टक्क्यांपर्यंत हेलकावे खातो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी या सांध्याचा अभ्यास केला. स्प्रिंगचा नियम ज्यांच्या नावाने आपण शाळेत शिकतो, तेच हे. उपाय म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच क्रॉस, तितक्याच कोनात बसवतात. पहिला जिथे पुढे पळतो तिथे दुसरा मागे ओढतो आणि डिफरन्शियलला सरळ, एकसारखा वेग मिळतो. मधला शाफ्ट मात्र बिचारा आयुष्यभर हेलकावत राहतो.

पण यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. शाफ्ट मध्ये लांब-आखूड होणारा असतो, खाचांमधून सरकणारा. तो सोडवताना खूण करायला मी विसरलो आणि जोडताना काही खाचा चुकल्या. चाचणीला बाहेर पडलो तर ताशी ४० किलोमीटरला गाडीचा पत्रा न् पत्रा गुंजायला लागला. घरी येऊन हिशेब केला: त्या वेगाला चाक सेकंदाला पाच वेळा फिरतं, शाफ्ट सुमारे २७ वेळा, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन हेलकावे. म्हणजे सेकंदाला ५४ हिसके. शाफ्ट उतरवला, काटे जुळवले, गुंजन गेलं.

ट्रान्सफर केस हा या जीपचा आत्मा. स्पायसर कंपनीचं १८ क्रमांकाचं डिझाइन. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्येही हेच होतं, फक्त तिथे लोचं प्रमाण १.९७ होतं. यात मागचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या रेषेत नसून बाजूला आहे. त्यामुळे ताकद हायमध्ये असो की लोमध्ये, मधल्या गिअरमधूनच जाते. त्या गिअरला सुट्टी नाही. माझ्या गाडीत त्याच्या शाफ्टवर अशी पायरी पडली होती की नखाला अडत होती, आणि तिथूनच तेल ठिबकत होतं. ट्रान्सफर केसच्या, चालकाच्या हाताशी असलेल्या दोन दांड्यांपैकी पुढची चाकं जोडणारी दांडी टाकल्याशिवाय लोची दांडी पडत नाही, हेही मुद्दाम केलेलं आहे. लोचा सगळा पीळ एकट्या मागच्या एक्सलवर आला तर तो तुटायची भीती, म्हणून तो दोघांत वाटायला लावलाय.

आणि म्हणूनच डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून वळू नये. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही, दोघं एकमेकांना घट्ट बांधलेले. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर. सहा मीटर त्रिज्येचं काटकोनी वळण घेतलं तर मागचा एक्सल ९.४ मीटर चालतो आणि पुढचा ९.९. हा अर्धा मीटर कुठेतरी जिरायला हवा. भातखाचरातल्या चिखलात टायर घसरून तो जिरतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग शाफ्टनाच पीळ बसतो आणि दांडी निघता निघत नाही. ट्रान्सफर केसच्या मधल्या गिअरच्या शाफ्टवरच्या त्या पायरीत आमच्या घरच्यांनी डांबरावर घेतलेल्या अशा वळणांचाही हात असणार.

आता क्राऊन-पिनियन. इथे मी सगळ्यात जास्त रमलो. बेअरिंगं नवी घातली की पिनियनची जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बदलते आणि ती शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून जुळवावी लागते. ती जुळली की नाही ते डोळ्याने दिसत नाही, दातांनाच विचारावं लागतं. मिस्त्रींनी मला पुडीतून शेंदूर दिला. हो, मारुतीला तेलात कालवून लावतात तोच, रसायनशास्त्रात शिशाचा ऑक्साइड. जुने कारागीर गिअर जुळवायला तोच तेलात कालवून वापरत आले आहेत. (शिसं विषारी आहे, हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. बाजारात यासाठी पिवळी पेस्टही मिळते.) क्राऊनच्या चार-पाच दातांना तो पातळ लावला, क्राऊनला लाकडाने थोडा अडथळा दिला आणि पिनियन फिरवला. जिथे दात दाताला भिडला तिथला शेंदूर पुसला जाऊन लोखंड चमकलं. तो चमकणारा डाग दाताच्या मध्यावर हवा. पहिल्या खेपेला तो माथ्याकडे आला, म्हणजे पिनियन क्राऊनपासून दूर. पिनियन काढा, शिम वाढवा, परत बसवा. दुसऱ्या खेपेला डाग पार मुळाशी गेला, म्हणजे आता फार जवळ. चौथ्या खेपेला तो मध्यावर, लांबट, जोंधळ्याच्या पानासारखा उमटला. डायल गेजवर फट ०.१८ मिलिमीटर आली. संध्याकाळ झाली होती, तरी दिवा लावून मी तो डाग घरच्यांना बोलावून दाखवला.

बेअरिंग पिनियनवर ठोकून बसवू नये. कढईत तेल ११० अंशांपर्यंत तापवून त्यात बेअरिंग बुडवलं. ४० मिलिमीटरचं भोक ८० अंशांच्या वाढीने जवळपास ०.०४ मिलिमीटर मोठं होतं, एवढंच पुरतं. पिनियन रात्रभर फ्रीजमध्ये होता. बेअरिंग हाताच्या दाबाने सरकन खाली गेलं.

८ आणि ४३ हे आकडेही विचारपूर्वक निवडलेले आहेत. त्यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि एखाद्या दातावरचा ओरखडा एकाच जोडीला खात बसत नाही, झीज सगळ्यांत वाटली जाते. ८ आणि ४० असते, तर तेच तेच दात जन्मभर एकमेकांना घासत राहिले असते.

तेलाबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे चांगले चांगले लोक चुकतात. या पिनियनचा अक्ष क्राऊनच्या केंद्रातून जात नाही, थोडा बाजूला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने जोरात घसरतातही. त्या दाबाखाली साधं तेल पिळून बाहेर पडतं. म्हणून जीएल-५ दर्जाच्या गिअर तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दात तापला की ती लोखंडाशी अभिक्रिया करून एक पातळ थर बनवतात आणि लोखंडाऐवजी तो थर झिजतो. त्या तेलाचा नाकात बसणारा वास गंधकाचाच. पण टी-९० गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे सिंक्रोनायझर (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळी आहेत, आणि गंधकाचं तांब्याशी जुनं सख्य आहे: चांदी-तांब्याची भांडी काळी पडतात तो प्रकार. म्हणून तिथे सौम्य जीएल-४ घातलं, डिफरन्शियलला जीएल-५.

सगळं जोडून पुन्हा कोनमापक बांधला. नऊचे अडीच अंश झाले होते. जे उरलं ते स्टार पिनियनचं; त्यांचे दात अजून चांगले आहेत, म्हणून ते तसेच ठेवले. खट् पूर्ण गेलेला नाही. लो टाकून क्लच पटकन सोडला तर अगदी हलका, दाराची कडी पडल्यासारखा ऐकू येतो. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदललं. निचऱ्याच्या प्लगला मी चुंबक लावून ठेवलं होतं. त्यावर काजळीसारखी मऊ काळी भुकटी होती; बोटांत चोळली तर कुठेही खडा लागला नाही.