गोरखचिंच घेताय? आधी तिचं माहेर कुठलं ते वाचा

रोप हातात घेतलं की बहुतेक गिऱ्हाईक एकच विचारतात, अहो हे झाड आपलंच नव्हे? गोरखनाथांच्या वेळचं म्हणतात की. सावणूरला गेला असाल तर दोड्डहुणसे मठातली ती अवाढव्य झाडं बघितली असतील, विजापूरला पण आहेत. तर सरळ सांगतो, मूळ झाड आफ्रिकेचं, फक्त ते इथं कसं पोचलं हे आत्ता आत्ता डीएनएवरनं कळायला लागलंय.

आपल्याकडं हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात, पानातला डीएनए तेच काम करतो. त्यात काही जागी तीच दोन-चार अक्षरं परत परत येतात, किती वेळा येतात ते आईबापाकडनं पोराकडं जातं, मग इथली आणि तिथली झाडं घेऊन आकडे जुळवायचे. २०१५ च्या एका अभ्यासात आफ्रिका, भारत, मॉरिशसकडची बेटं आणि मलेशियातल्या झाडांच्या अशा १० जागा तपासल्या. निघालं काय, तर भारतातल्या झाडांचं सगळ्यात जवळचं नातं पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा ते दार-ए-सलाम किनाऱ्याशी, त्यातही पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचा गट आफ्रिकेपेक्षा वेगळाच पडला. आग्नेय भारतातली मात्र पश्चिम आफ्रिकेच्या गटातली, ती १८व्या-१९व्या शतकात युरोपियनांच्या जहाजातनं आलेली दिसतात. म्हणजे एकदाच कुणी बी आणलं आणि सगळीकडं पसरलं असं नाही, झाड पुन्हा पुन्हा आलंय, आणि समजत होते त्यापेक्षा जास्त काळ येत राहिलंय. दख्खनच्या दरबारात आफ्रिकेतनं आलेले हबशी सरदार होतेच, खानापूर-हल्याळच्या रानात मूळचे तिकडचेच सिद्दी लोक आजही आहेत, तेव्हा ह्या येण्याजाण्याचं आपल्याला नवल नको. बी नेमकं कुणाच्या गाठोड्यातनं आलं ते डीएनए सांगत नाही.

ह्याच्याही मागं जायचं तर २०२४ साली ह्या झाडाच्या आठही जातींचे जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचून झाले आणि सगळ्यांचं मूळ मादागास्करला निघालं. सहा जाती अजून तिथंच, एक आफ्रिकेत (आपली गोरखचिंच तीच), एक ऑस्ट्रेलियात. फळाचं कवच लाकडासारखं, समुद्रात तरंगत गेलं असणार.

एक सांगून ठेवतो, डीएनए झाडाचं कूळ सांगतो, वय नाही. वय काढायला कार्बन डेटिंग लागतं, त्यामुळं "दोन हजार वर्षांचं झाड" असा बोर्ड दिसला तर विचारा कशावरनं.

आता रोपाचं. सुरवातीला साधं एकेरी पान येतं, हातासारखं पाच-सात पात्यांचं नंतर, तेव्हा "चुकीचं रोप दिलं" म्हणून परत आणू नका. अथणी, रायबाग, गोकाककडं छान येतं, खानापूरच्या पावसात मात्र पाणी थांबणार नाही अशा उतारावरच लावा नाहीतर मूळ कुजतं. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात, पण त्याला बरीच वर्षं लागतात, घाई असेल त्यांनी शेवगा न्यावा.