घरगुती औषधी गांजा (ठाणे-नवी मुंबई)

घरगुती औषधी गांजा म्हणजे पेशंटने स्वतःच्या उपचारासाठी आपल्याच घरात गांजाची दोन-चार झाडं लावायची आणि त्यांची सुकवलेली फुलं किंवा तेल औषध म्हणून वापरायचं. कॅनडात हे कायद्यात बसतं, ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बसून परदेशातले व्हिडिओ बघणाऱ्याला वाटतं की बाल्कनी आहे, ऊन आहे, कुंडी आहे, मग अजून काय पाहिजे. तर लायसन्स पाहिजे, आणि ते घरगुती वापरासाठी इथे कोणालाच मिळत नाही.

भारतात हा सगळा विषय 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतो. त्याच्या कलम 8 मध्ये गांजाच्या झाडाच्या लागवडीवर सरळ बंदी आहे आणि कलम 20 प्रमाणे लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लोकांची खरी गल्लत इथेच होते. गांजा जवळ बाळगण्यासाठी कायद्यात वजनाच्या पायऱ्या आहेत, 1 किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, 20 किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’, आणि शिक्षा त्यानुसार कमी-जास्त होते. त्यावरून कट्ट्यावर कोणीतरी ठोकून देतं की अरे एक झाड म्हणजे किती, शंभर-दोनशे ग्रॅम, काही होत नाही. पण लागवड हा वेगळाच गुन्हा आहे आणि त्याला ह्या वजनाच्या पायऱ्या लागतच नाहीत, त्यामुळे कुंडीतल्या एका झाडाचं वजन करून कोणी सुटत नाही. दुसरी पळवाट म्हणून पानांचं सांगतात. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बिया येत नाहीत हे बरोबर आहे, पण बंदी झाडावर आहे, आणि झाड म्हणजे कॅनाबिस वंशातलं कुठलंही झाड, फुलं आलेली असोत वा नसोत. भांगेचं म्हणाल तर ती ह्याच झाडाच्या नुसत्या पानांची, म्हणून एनडीपीएसच्या बाहेर राहिली तरी महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यात अडकते, परवान्याशिवाय बनवणं, बाळगणं, पिणं सगळंच गुन्हा. बनारसला सरकारी ठेक्यावर मिळते म्हणून कळव्यात चालेल असं नाही.

भाड्याच्या घरात अजून एक भानगड आहे. घणसोलीत किंवा खारघरमध्ये फ्लॅट भाड्याने दिलाय आणि भाडेकरू आत काय वाढवतोय हे माहीत असूनही मालक गप्प बसला, तर कलम 25 खाली तोसुद्धा आरोपी होऊ शकतो.

जिथे परवानगी आहे तिथे नवशिका माणूस काय करतो? कॅनडात पेशंट डॉक्टरचा कागद घेऊन हेल्थ कॅनडाकडे नोंदणी करतो आणि डोसनुसार किती झाडं लावायची ते ठरतं, शिवाय 2018 पासून साध्या प्रौढ माणसालाही घरटी 4 झाडं चालतात (एक-दोन प्रांत सोडून). जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रत्येक प्रौढाला 3 झाडांची मुभा आहे, त्याला आजारी असायचीही गरज नाही. सुरुवात बहुतेक जण खोलीतल्या छोट्या तंबूत एलईडी लाइटखाली करतात. वाढीच्या काळात साधारण 18 तास उजेड, मग तो 12 तासांवर आणला की झाड फुलावर येतं, नर झाडं लवकर ओळखून काढून टाकतात कारण औषधाचं काम मादी झाडाच्या फुलाचं. ह्यात सगळ्यात कटकटीचं काम मात्र शेवटी येतं, फुलं हळूहळू सुकवणं. घाई केली तर बुरशी.

आणि ठाण्यात तर बुरशी अशी की विचारू नका. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात जून ते सप्टेंबर चामड्याचे बूटसुद्धा कपाटात हिरवे होतात, तिथे दाट फुलाच्या आत करडी बुरशी धरायला कितीसा वेळ लागणार. शिवाय आपण 19 अंश अक्षांशावर, इथे जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच, त्यामुळे युरोपातल्या लांब उन्हाळी दिवसांची सवय असलेल्या जाती बाल्कनीत नीट वाढायच्या आधीच फुलावर येतील. म्हणजे कायदा उद्या बदलला तरी इथे तंबू, एसी आणि डीह्युमिडिफायर लागणार आणि महावितरणचं बिल बघून अर्धे लोक नाद सोडतील असं मला वाटतं.

पण विषय नुसता हौशी लोकांचा नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, तिथे किमो चालू असलेल्या पेशंटचे नातेवाईक ‘ते तेल’ कुठे मिळेल हे विचारत असतातच. किमोमुळे होणारी मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा आणि लहान मुलांच्या काही दुर्मिळ अपस्मारांमध्ये ह्या झाडातल्या घटकांचा उपयोग होतो ह्याला बऱ्यापैकी पुरावा आहे, कॅन्सर बरा होतो ह्याला नाही. भारतात कायदेशीर रस्ता आहे तो आयुर्वेदाचा, विजया म्हणजे भांगेच्या पानांपासून परवानाधारक कंपन्यांनी बनवलेली औषधं, जी वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. आधीच रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर ॲलोपॅथीच्या डॉक्टरला न सांगता ती सुरू करू नयेत, कारण त्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आता अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन ह्या वेदनाशामकाचं बघा, एनडीपीएसच्या 2014 च्या दुरुस्तीनंतर ते ‘अत्यावश्यक’ औषधांच्या यादीत आलं आणि हॉस्पिटलांना मिळवणं सोपं झालं, गांजा मात्र त्या यादीत नाही.

लागवडीचा कायदेशीर रस्ताही आहे, पण घरगुती नाही. कलम 10 आणि 14 प्रमाणे सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये हेम्पसाठी, म्हणजे धाग्या-बियांसाठी लावल्या जाणाऱ्या गांजाच्या झाडासाठी, पहिलं लायसन्स दिलं, त्यात टीएचसी हा नशा आणणारा घटक 0.3 टक्क्यांच्या आत लागतो. हेम्पचं बी खायला 2021 पासून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मान्यता आहे म्हणून ते दुकानात, ऑनलाइन मिळतं, पण ते खायचं, कुंडीत टाकून रुजवलं की परत कलम 8.

सोसायटीत कधीकधी उलटाही घोळ होतो, कोणीतरी ग्रिलमध्ये भाजीसाठी अंबाडी लावलेली असते आणि वरच्या मजल्यावरून फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. अंबाडीची वरची पानं खरंच गांजासारखी बोटं फुटलेली दिसतात. फरक असा की अंबाडीचं पान एकच असून खोल कापलेलं असतं, गांजाच्या दातेरी पर्णिका सुट्या असून एका बिंदूला जोडलेल्या असतात. अंबाडी चावली की आंबट लागते, आणि तिला मोठं पिवळसर फूल येतं ज्याच्या मध्यभागी गडद मरून ठिपका असतो. येऊरच्या वाटेवर दिसणारी निर्गुंडी मात्र जास्त फसवते कारण तिच्याही पर्णिका सुट्या असतात, पण बहुतेक तीन किंवा पाचच, खालून पांढरट, आणि फूल जांभळं.