मताआधीची सही

कॅलिफोर्निया किंवा ओरेगॉनमधल्या शहरात निवडणुकीच्या काही महिने आधी किराणा दुकानाबाहेर हातात पॅड घेतलेली माणसं भेटतात. "तुम्ही इथले मतदार आहात ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नगरसेवकांची संख्या, वॉर्डांची रचना, महापौराचे अधिकार असं काही बदलायचं असेल, तर नगरपालिकेच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. ठरावीक प्रमाणात मतदारांच्या सह्या जमल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर जातो.

हा हक्क कुणी खुशीने दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे कंपन्यांनी कायदेमंडळं आणि शहरांचे कारभारी खिशात घातले होते. कॅलिफोर्नियात तर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा शब्द मोडणं कठीण होतं. सुधारणावाद्यांना वाट दिसली स्वित्झर्लंडमध्ये. तिथे 1891 पासून 50,000 नागरिकांच्या सह्यांवर राज्यघटनेतल्या दुरुस्तीचा प्रस्ताव थेट लोकांपुढे मांडता येत होता. सॅन फ्रान्सिस्कोने 1898 मध्ये आपल्या सनदेत, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ कायद्यात, अशी तरतूद केली. ओरेगॉनमध्ये विल्यम युरेन या लोहारकाम केलेल्या वकिलाने वर्षानुवर्षं याचाच पाठपुरावा केला. 1902 मध्ये तिथल्या मतदारांनी 62,024 विरुद्ध 5,668 मतांनी हा हक्क घेतला आणि 1906 मध्ये तो गावांनाही मिळाला.

माझ्या मते या इतिहासाचा खरा नायक लॉस एंजेलिस आहे. जॉन रँडॉल्फ हेन्स या डॉक्टरने तिथे चिकाटीने मोहीम चालवली आणि 1903 मध्ये शहराच्या सनदेत आणखी एक कलम आलं: निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावण्याचं. अमेरिकेतल्या कोणत्याही शहरात तोवर असं कलम नव्हतं. पुढच्याच वर्षी ते वापरलं गेलं. शहराच्या छपाईचं काम जास्त दर लावणाऱ्या वृत्तपत्राला देण्याच्या बाजूने डेव्हनपोर्ट नावाच्या नगरसेवकाने मत दिलं होतं. मुद्रण कामगारांची संघटना चिडली, वॉर्डात सह्या फिरल्या आणि 1904 च्या सप्टेंबरात मतदारांनी त्याच्याविरुद्ध कौल दिला. 1909 मध्ये महापौर हार्पर यांनी तर अशा मतदानाआधीच राजीनामा दिला. 10 ऑक्टोबर 1911 रोजी संपूर्ण कॅलिफोर्नियाने हे हक्क स्वीकारले. त्याच दिवशी तिथल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, तोही जेमतेम 3,587 मतांच्या फरकाने.

पुढचं भांडण सही कुणी आणि कशी मिळवायची यावर झालं. कोलोरॅडोने पैसे देऊन सह्या गोळा करवणं हा गुन्हा ठरवला होता. 1988 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी एकमताने रद्द केली: सहीसाठी अनोळखी माणसाशी घातलेला वाद हेच राजकीय अभिव्यक्तीचं गाभ्याचं रूप, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हे तत्त्व पटतं, पण त्यामुळे पैसेवाल्यांना वाट मोकळी झाली हेही खरं. ओरेगॉनने 2002 मध्ये मधला मार्ग काढला. सह्या गोळा करणाऱ्याला मोबदला द्या, पण दर सहीमागे नको. दर सहीला पैसे मिळाले की खोट्या सह्यांचा मोह वाढतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात याचं सर्वात जवळचं रूप म्हणजे आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्याच्या बाजूचं मतपत्रिकेवरचं चिन्ह. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून दारूचं दुकान बंद करण्याची मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. दारात येणाऱ्या नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नजरेसमोर त्या कागदावर नाव लिहायला जे धैर्य लागतं, त्याची तुलना दुकानाबाहेरच्या पॅडशी होणार नाही. आणि त्यानंतरही जिंकायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ज्या बाईला त्या दिवशी घराबाहेर पडू दिलं नाही, तिचं न दिलेलं मत दुकानाच्या बाजूने मोजलं जातं.