निकाल शंभर टक्के, पण कुणाचा?

‘दहावीचा निकाल शंभर टक्के, म्हणजे शाळा एक नंबर’ असा मेसेज लातूर-नांदेडकडं निकालानंतर हमखास फिरतो. टक्केवारी मात्र परीक्षेला बसलेल्यांवरच निघते. समजा, नववीचा पट 240. काही तिथंच नापास, काहींना शाळेऐवजी बाहेरून परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगितला. शाळेकडून बसले 180, सगळे पास. निकाल शंभर, नववीपासून मोजला तर 75. त्यातही पास व्हायला 35 टक्के पुरतात, आणि भाषेचे 20 गुण शाळाच देते.

म्हणून मोठ्या शाळेत आकडे मागा: गेल्या वर्षीचा नववीचा पट, यंदा बसलेले, 60 टक्क्यांपुढचे. दाखला नेलेले वजा करा, नाहीतर शाळेवर अन्याय होईल. विज्ञानाची प्रयोगवहीही चाळा; सगळ्यांची निरीक्षणं दशांशापर्यंत सारखीच असतील तर प्रयोगशाळेचं कुलूप क्वचितच उघडत असावं.