ब्राउन क्ली हिल

ब्राउन क्ली ही इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीतली सगळ्यात उंच टेकडी, उंची ५४० मीटर. तरी चालायला येणारे बरेचसे लोक पश्चिमेला लाँग मिंड या पठारी डोंगरावर जातात, नाहीतर जेमतेम ४०७ मीटरच्या रेकिनवर, त्यामुळे इथे निवांत चढता येतं आणि मला तरी श्रॉपशरमधली हीच चढाई सगळ्यात जास्त आवडते.

सोपी वाट क्ली सेंट मार्गारेट गावाकडून. या गावात ओढा काही अंतर चक्क रस्त्यावरूनच वाहतो. थोडं वर गेलं की नॉर्डी बँक, लोहयुगातला किल्ला. दगडी तटबंदी वगैरे शोधू नका, मातीचा गोल बांध आणि बाहेरून खंदक, सगळं गवताखाली, पण बांधावर उभं राहिलं की आखणी स्पष्ट कळते. असेच आणखी दोन किल्ले टेकडीच्या दोन माथ्यांवर होते, ते दगडखाणींनी खाल्ले, याचं खरंच वाईट वाटतं.

खाणी कशासाठी, तर माथ्यावरच्या डोलेराइटसाठी. हा काळा टणक दगड म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टचा भाऊच, फक्त तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातच थंड झाला आणि त्याच्याखाली दगडी कोळशाचे थर आहेत, तोही लोकांनी इथे खड्डे खणून काढला. दगडाच्या वॅगन पूर्वेच्या उतारावरून खाली डिटन प्रायर्सला सोडायचे, तिथवर १९०८ मध्ये रेल्वे आली होती. आज शांत वाटणारी ही टेकडी तेव्हा कामाची जागा होती. माथ्यावर आता पडकं काँक्रीट, रेडिओ मास्ट आणि दिशा दाखवणारी तबकडी. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला वेल्सचे डोंगर दिसतात.

वरचा बराचसा भाग सामायिक कुरण आहे. मेंढ्या, नेचे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बिलबेरीची निळी-काळी फळं, जिभेला रंग चढतो. वाटेवरच्या खुणांमध्ये पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही. फाटक उघडलं की मागे लावायचं, आणि वसंतात कोकरं असतात तेव्हा कुत्रा पट्ट्यातच ठेवायचा.

धुकं मात्र हलक्यात घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धात इथे बरीच विमानं आदळली, मेलेल्या जर्मन आणि मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांचं एकत्र स्मारक टेकडीवर आहे. मोबाइलच्या भरवशावर न राहता ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवा.