कॉकपिटचं दार नेमकं कधी बंद झालं?

विमानप्रवासाच्या जुन्या गप्पा निघाल्या की कॉकपिटची गोष्ट निघतेच. रात्रीचं जेवण उरकलं, दिवे मंद झाले, हवाई सुंदरीनं बोट धरून पुढे नेलं, कप्तानानं मान वळवून नाव आणि इयत्ता विचारली. गोष्ट संपते तीही ठरलेल्या वाक्यानं: मग अमेरिकेत ते जुळे मनोरे पडले आणि सगळं बंद झालं. हे वाक्य अर्धंच खरं आहे. दार एका दिवसात बंद झालं नाही, आणि सगळीकडे एकाच वेळी तर मुळीच नाही.

अगदी सुरुवातीच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आलं ते एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. तिथे दाराचा प्रश्नच नव्हता. पुढे लांब पल्ल्याची मोठी विमानं आली, उड्डाणं दहा-बारा तासांची झाली आणि प्रवाशांच्या मनातली भीती घालवणं हे कंपन्यांना आपलं कामच वाटू लागलं. पन्नासच्या दशकात ब्रिटनच्या सरकारी विमान कंपनीनं मुलांसाठी एक क्लब काढला. त्यात मुलांना वैमानिकांसारखी वही मिळायची आणि प्रवास किती मैलांचा झाला ते लिहून खाली कप्तानाची सही घेता यायची. कॉकपिटची भेट हा त्याच आदरातिथ्याचा भाग होता.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण खरा घोळ तिथे आहे. ७ मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियात एका प्रवाशानं दोन्ही वैमानिकांना गोळ्या घातल्या, विमान कोसळलं आणि ४४ माणसं गेली. त्याच वर्षी ६ ऑगस्टपासून तिथे नियम लागू झाला: उड्डाणात कॉकपिटचं दार कुलूपबंद हवं. नियम त्या गोळीबारामुळे आला असं सर्रास लिहिलं जातं, पण तो आधीच संमत झाला होता, फक्त अंमल बाकी होता. म्हणजे अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत उडत्या विमानातली भेट मनोरे पडण्याच्या ३७ वर्षं आधीच नियमाबाहेर गेली होती. तिथल्या लोकांच्या कॉकपिटच्या आठवणी बहुतेक जमिनीवरच्या असतात, विमान विमानतळाच्या फाटकाला (गेटला) लागलेलं असतानाच्या. आपल्या, युरोपातल्या, आखातातल्या आठवणी मात्र आकाशातल्या आहेत. दोघंही म्हणतात ‘मी कॉकपिट पाहिलं’, पण एकानं उभं विमान पाहिलं आणि दुसऱ्यानं चालतं.

हा फरक पडला तो ‘कप्तानाची मर्जी’ या शब्दांमुळे. विमानात अंतिम अधिकार कप्तानाचा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत फार पूर्वीपासून आहे. मूळ अर्थ जबाबदारीचा: वादळ टाळायचं की नाही, कुठे उतरायचं, हे तो ठरवणार. अमेरिकेनं दाराचा प्रश्न त्या मर्जीतून काढून नियमात नेला, इतर बहुतेक देशांनी तो मर्जीतच ठेवला. त्यामुळे प्रवाशाला ती घरच्या यजमानाची मर्जी वाटत राहिली, ‘कप्तान चांगला होता म्हणून बोलावलं’ अशी. माझ्या मते दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते, आणि पुढे जे हरवलं ते यातलं दुसरं.

माझी स्वतःची आठवण कुवेतहून मुंबईला येतानाची आहे. दुपारी निघालो होतो. कप्तानानं उन्हासाठी बाजूच्या काचेत वर्तमानपत्राची घडी खोचली होती आणि सूर्य बुडाला तरी ती तशीच होती. उजव्या हाताला, भिंतीकडे तोंड करून बसलेला तिसरा माणूस पेन्सिलीनं आकडे लिहीत होता. खाली काळोखात दिवे लुकलुकत होते. मी विचारलं, खाली पण तारे आहेत का? कप्तान मराठीत म्हणाला, ‘मासेमारीच्या होड्या आहेत त्या बाळा, म्हणजे घर आलं.’

तो तिसरा माणूस लक्षात ठेवा, आठवणीची तारीख काढायला तो फार उपयोगी पडतो. तो फ्लाइट इंजिनिअर, इंजिनांवर लक्ष ठेवणारा. ऐंशीच्या दशकात एअरबसचं ए-३१० आणि दशकाच्या शेवटी बोइंग ७४७ची नवी आवृत्ती आली, तसं मोठ्या विमानांत दोघंच उरले. नागमोडी जिन्यानं वरच्या मजल्यावरच्या कॉकपिटकडे चढून गेल्याचं कोणी सांगितलं तर ते सुरुवातीचं ७४७. सरळ जिना आठवत असेल तर नंतरचं. काँकॉर्डमध्ये मात्र इंजिनिअर शेवटपर्यंत राहिला. ध्वनीच्या दुप्पट वेगात ते विमान तापून १५ ते २५ सेंटिमीटर लांब व्हायचं आणि इंजिनिअरच्या उपकरणांच्या फळ्याशेजारी एक फट उघडायची. पाहुण्यांना त्या फटीत हात घालून बघता यायचं. २००३ मध्ये सेवा संपताना काही इंजिनिअरांनी आपली टोपी तिथे ठेवली. विमान थंड झालं, फट मिटली, टोपी आतच राहिली.

भारतात धोक्याची घंटा वाजली नव्हती असं नाही. डिसेंबर १९७८ मध्ये दोन तरुणांनी खेळण्यातल्या पिस्तुलांवर देशांतर्गत विमान वाराणसीला नेलं. सप्टेंबर १९८६ मध्ये मुंबईहून निघालेलं एक अमेरिकी विमान कराचीत बंदूकधाऱ्यांच्या ताब्यात गेलं, तेव्हा केबिनमधून वेळीच इशारा मिळाल्यानं वैमानिक छतातल्या झडपेतून निसटले आणि विमान जमिनीवरच राहिलं. वैमानिक हाती न लागणं किती मोलाचं, ते तिथे दिसलं. आकाशातल्या भेटी तरीही चालू राहिल्या.

२३ मार्च १९९४ चा सैबेरियातला अपघात वेगळा होता. मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेल्या ए-३१० मध्ये कप्तानानं आपल्या दोन मुलांना आळीपाळीनं स्वतःच्या खुर्चीत बसवलं. सोळा वर्षांच्या मुलानं दांडीवर जोर दिला आणि स्वयंचलित यंत्रणेचा फक्त एक भाग, विमानाचा डावा-उजवा कल सांभाळणारा, सुटला. दिवा लागला, पण आवाज झाला नाही, आणि आवाजी इशाऱ्याच्या विमानांची सवय असलेल्या वैमानिकांच्या ते ध्यानात आलं नाही. ७५ जणांपैकी कोणी वाचलं नाही. हा दोष खुर्चीचा होता, दाराचा नव्हता. मागे उभं राहून बघणारं मूल आणि खुर्चीत बसलेलं मूल यांत फार अंतर आहे, आणि पुढच्या चर्चांत ते पुसलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

मग एकामागून एक घटना घडल्या. जुलै १९९९ मध्ये जपानमध्ये सुरी घेऊन कॉकपिटमध्ये शिरलेल्या माणसानं कप्तानाला मारलं. विमानात पाचशेहून जास्त लोक होते आणि ते जमिनीच्या भीतीदायक जवळ आलं होतं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला गेलं. २९ डिसेंबर २००० ला लंडन-नैरोबी उड्डाणात एक प्रवासी कॉकपिटमध्ये घुसला आणि त्यानं नियंत्रणं धरली. झटापट करून त्याला आवरलं म्हणून सगळे वाचले. ११ सप्टेंबर २००१ उजाडेपर्यंत उघड्या दाराची बाजू घेणं अवघड होऊन बसलं होतं.

त्यानंतर मजबूत दारं आली. अमेरिकेत मुदत ९ एप्रिल २००३ ची होती. आंतरराष्ट्रीय नियमानं १ नोव्हेंबर २००३ पासून ६० हून अधिक आसनांच्या किंवा ४५,५०० किलोहून जड प्रवासी विमानांना गोळी आणि धक्का सोसणारं दार सक्तीचं केलं. कप्तानाची मर्जी इथे जमिनीवरच्या कार्यालयात गेली. या दाराची दुसरी बाजू २४ मार्च २०१५ ला आल्प्समध्ये दिसली: बाहेर गेलेल्या कप्तानाला सहवैमानिकानं आत येऊच दिलं नाही, विमान डोंगरावर आदळवलं आणि १५० जण गेले.

भारतात ‘अधिकृत व्यक्ती’, म्हणजे कॉकपिटमध्ये बसायची परवानगी असलेली व्यक्ती, हा शब्द २०२३ मध्ये चर्चेत आला. त्या फेब्रुवारीत दुबई-दिल्ली उड्डाणात वैमानिकानं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. काही महिन्यांतच लेहच्या उड्डाणात तसंच घडलं आणि मुख्य वैमानिकाला वर्षभराचं निलंबन मिळालं. हे निर्णय मला योग्य वाटतात. कॉकपिटमधली ती जादा खुर्ची, जिला विमानातले लोक जंपसीट म्हणतात, कामासाठी आहे: तपासनीस, प्रशिक्षक, परवानगी असलेले कर्मचारी. मित्रमंडळी त्यात येत नाहीत.

पण फाटकाला लागलेल्या, इंजिनं थांबलेल्या विमानात मुलाला आत डोकावू देणारे कप्तान आजही आहेत. मुंबईत उतरताना माझ्या पुढच्या बाईंनी मुलाला कडेवर घेऊन दारातल्या मुलीला तेवढंच विचारलं, ‘जरा दाखवता का याला?’ तिनं आत बघितलं. आतून आवाज आला, ‘येऊ दे की.’