पार्श्वभूमी: एव्हरेस्टची उत्तर बाजू आणि १९६० चा दावा

आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं १९५० ते १९६४ या काळात सर झाली आणि जवळपास प्रत्येकावर एकेका देशाचा शिक्का बसला. अन्नपूर्णा फ्रेंचांनी जिंकलं, के-टू इटालियनांनी, मनास्लू जपान्यांनी. दुसऱ्या महायुद्धाआधी तिबेटमार्गे एव्हरेस्ट ही ब्रिटिशांची मक्तेदारी होती, तर जर्मन पथकं नंगा पर्वतावर माणसं गमावत होती. नेपाळची दारं उघडल्यावर परवान्याला मोल आलं. १९५२ स्विस पथकाला, १९५३ ब्रिटिशांना, १९५४ फ्रेंचांना अशी एव्हरेस्टची वर्षं वाटलेली होती. ब्रिटिशांना १९५३ मध्ये अपयश आलं असतं, तर पुढची संधी दुसऱ्यांकडे जाणार होती.

खरा गुंता आहे तो १९६० च्या चिनी चढाईचा. तिबेटची, म्हणजे उत्तरेची बाजू तोवर पाश्चात्त्यांना बंद झाली होती. चीन आणि सोव्हिएत संघ यांनी संयुक्त मोहीम ठरवली, १९५८ मध्ये पाहणीही केली. पण १९५९ मध्ये तिबेटात उठाव झाला, मोहीम बारगळली, पुढे दोन्ही देशांचे संबंधही बिघडत गेले. चीनने एकट्यानेच जायचं ठरवलं. १९६० मध्येच नेपाळशी सीमेची बोलणी चालू होती आणि एव्हरेस्ट नेमकं कोणाचं, हा प्रश्न त्यात कळीचा होता. अशा वेळी शिखरावर माणूस पोहोचणं ही नुसती क्रीडावार्ता राहत नाही. १९६० च्याच मे महिन्यात पहिलं भारतीय पथक दक्षिणेकडून सुमारे ८,६२५ मीटरपर्यंत जाऊन वादळी वाऱ्यामुळे मागे फिरलं.

चिनी पथकाची कसोटी लागली ती ८,६०० मीटरच्या आसपासच्या ‘सेकंड स्टेप’वर. तिथल्या उभ्या कातळावर बुटांची पकड बसेना. एकाने बूट काढले, सोबत्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि खडकात खिळे ठोकत वर सरकला. हिमदंशाने त्याची बोटं गेली. खांदा देणारा पुढे दमून मागे थांबला. उरलेले तिघे अंधारातच चालत राहिले आणि २५ मे रोजी पहाटे ४.२० ला शिखरावर पोहोचले, असं अधिकृत वृत्तांत सांगतो.

अंधारामुळे शिखरावरचा फोटो नाही. वृत्तांत कम्युनिस्ट पक्षाच्या स्तुतीने भरलेला. पाश्चात्त्य गिर्यारोहण वर्तुळाने तो बरीच वर्षं संशयितच मानला. फोटो नसणं ही उणीव होती, हे खरं. पण गिर्यारोहकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, ही या क्षेत्राची जुनी रीत. ती इथेच का मोडली? वृत्तांताची भाषा प्रचारकी होती म्हणून चढाई खोटी ठरत नाही. चढणाऱ्यांच्या कष्टांना शीतयुद्धाच्या चष्म्यातून तोललं गेलं, हा त्यांच्यावर अन्यायच होता. आज बहुतेक अभ्यासक हा दावा मान्य करतात.

चीनने उत्तर दिलं ते पुन्हा चढून. २७ मे १९७५ ला नऊ जण शिखरावर गेले, त्यात एक तिबेटी महिला होती. दक्षिणेकडून पहिली महिला, एक जपानी गिर्यारोहक, तिथे पोहोचल्याला तेव्हा अकराच दिवस झाले होते. यावेळी सर्वेक्षणाची तिकाटी शिखरावर रोवली होती आणि सप्टेंबरात नैर्ऋत्य कड्यावरून आलेल्या ब्रिटिश पथकाला ती तिथे दिसली. शंकेला जागाच उरली नाही. सेकंड स्टेपवर त्यांनी लावलेल्या शिडीवरून पुढे कितीतरी देशांचे लोक चढले.

पहिलेपणाचे मान संपले तशी चुरस हिवाळ्यातल्या चढायांकडे वळली. पोलिश गिर्यारोहकांनी फेब्रुवारी १९८० मध्ये एव्हरेस्टपासून सुरुवात केली. शेवटचं उरलेलं के-टू १६ जानेवारी २०२१ ला दहा नेपाळी गिर्यारोहकांनी एकत्र सर केलं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या मोहिमांची ओझी वाहणाऱ्या समाजाचा तो मान होता आणि तो फार उशिरा मिळाला.

एव्हरेस्टवरची ओढाताण मात्र आकड्यांतही चालू राहिली. चीनने २००५ मध्ये खडकाची उंची ८,८४४.४३ मीटर जाहीर केली. नेपाळ बर्फासकट ८,८४८ वर ठाम होता. ८ डिसेंबर २०२० ला दोन्ही देशांनी मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला, तेव्हा तो वाद मिटला.